नव्या इमारतीची ओल : माल भरण्याची घाई नको

मार्च-एप्रिल आला की भिवंडीत, मालेगावात आणि कोकणातल्या गावागावांत बांधकामांना एकदम जोर चढतो. कारण उघड आहे. पावसाळ्याआधी स्लॅब पडला पाहिजे, गिलावा झाला पाहिजे आणि जमल्यास जूनच्या आत राहायला गेले पाहिजे, असा प्रत्येकाचा हिशेब असतो. कुणाचा मुलगा आखातातून महिना-दीड महिन्याच्या रजेवर आलेला असतो, कुणाच्या घरी लग्न ठरलेले असते, कुणाच्या भाड्याच्या जागेचा करार संपत आलेला असतो. वर घर आणि खाली दुकान किंवा गोदाम अशी इमारत असेल तर ही घाई दुप्पट होते. मे अखेर रंगाचा हात फिरतो, जूनमध्ये सामान आणि माल आत येतो, आणि ऑगस्टमध्ये भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. मग मालक गवंड्याला बोल लावतो, गवंडी सिमेंटला दोष देतो आणि रंगारी सांगतो की भाईसाहेब, पुन्हा एक हात मारून घेऊ, सगळे झाकले जाईल.

आम्ही इंजिनियर नाही. पण कापडाच्या धंद्यात उमर गेली, आणि कापडाला आगीच्या खालोखाल भीती कशाची असेल तर ओलीची. त्यामुळे नव्या इमारतीत माल ठेवायचा प्रश्न आला की आम्ही भिंतीला हात लावून पाहणाऱ्यांपैकी आहोत. या विषयावर गवंड्यांशी, साइझिंगवाल्यांशी आणि दोन-चार जाणत्या इंजिनियरांशी बोलून जे समजले आणि बाजारात जे पाहिले, ते व्यापारी बांधवांसमोर ठेवत आहोत.

नव्या घरात पाणी येते कुठून, असे लोक विचारतात. ते बाहेरून येत नाही, ते आपणच घातलेले असते. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा एक स्लॅब घ्या. त्याला सिमेंटच्या साधारण ८० ते ९० गोण्या लागतात. ५० किलोच्या एका गोणीला ३० लिटर पाणी धरले तर ८० गोण्यांचे २४०० लिटर झाले. सिमेंट पक्के होताना आपल्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा पाणी कायमचे पिऊन टाकते, म्हणजे गोणीमागे साडेबारा लिटर, एकूण हजार लिटर. उरले १४०० लिटर. दोनशे लिटरची सात पिंपे! यातले काही काँक्रीटच्या बारीक छिद्रांत अडकून राहते, पण बरेचसे हळूहळू बाहेर पडणार असते. आणि हा फक्त एका स्लॅबचा हिशेब आहे. वीट लावण्याआधी भिजवतात. चांगली वीटसुद्धा वजनाच्या १५ ते २० टक्के पाणी पिते, म्हणजे तीन किलोची एक वीट अर्ध्या लिटरपर्यंत पाणी घेऊन भिंतीत बसते. दहा हजार विटांचे गणित वाचकांनी स्वतः करावे. त्यावर आतून-बाहेरून गिलावा, लादीखालचा कोबा, आणि रोज नळीने मारलेले पाणी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे ऐकून काही मालक म्हणतात की मग पाणीच कमी मारू, घर लवकर वाळेल. असे मुळीच करू नये. काँक्रीटच्या कामासाठी आपल्याकडे जे भारतीय मानक आहे, आयएस ४५६, त्यात साध्या सिमेंटसाठी कमीत कमी सात दिवस आणि गरम-कोरड्या हवेत कमीत कमी दहा दिवस काँक्रीट ओले ठेवण्यास सांगितले आहे. आज बाजारात राखमिश्रित सिमेंटच जास्त मिळते. त्याला दहा दिवस तर हवेतच, चौदा दिवस दिले तर उत्तम. या दिवसांत पाणी तोडले तर स्लॅबला बारीक भेगा पडतात आणि पुढे त्याच भेगांतून पावसाचे पाणी आत येते. म्हणजे वाचवलेले पाणी नंतर व्याजासकट परत येते. आधी पुरेसे पाणी पाजायचे, मग पुरेसा वेळ वाळू द्यायचे. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीसाठी कुणाच्याही वेळापत्रकात जागा नसते.

किती वेळ? बांधकामवाल्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे की चांगली हवा खेळत असेल तर सिमेंटचा थर दिवसाला एक मिलिमीटर वाळतो, आणि थर दोन इंचांच्या वर गेला की त्याहूनही हळू. पाऊण इंचाचा गिलावा म्हणजे साधारण वीस दिवस झाले, पण गिलाव्यामागे नऊ इंचांची भिजलेली भिंत उभी आहे हे विसरून चालत नाही. वर सुकलेला दिसणारा गिलावा आतून ओढून पुन्हा ओला होतो. आणि ‘चांगली हवा’ हीच तर खरी अडचण आहे.

हवेचा हिशेब कापडवाल्याला लवकर समजतो म्हणून तो थोडा सविस्तर मांडतो. हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ धरते. २० अंशांवर एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी मावते, ३० अंशांवर ३०, आणि ४० अंशांवर ५० ग्रॅम. आता दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची एक खोली धरा. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा असते. मालेगावला एप्रिलच्या दुपारी पारा ४० वर आणि हवेतली आर्द्रता २०-२५ टक्के असते. अशी खोलीभर हवा भिंतीतून जास्तीत जास्त सव्वा ते दीड लिटरपर्यंत पाणी उचलू शकते. भिवंडीला एप्रिलच्या दुपारी तीच खोली सहाशे ग्रॅमच्या आसपास उचलेल. आणि भिवंडीलाच जुलैमध्ये, पारा २८ आणि आर्द्रता ८८ टक्के असताना? शंभर-सव्वाशे ग्रॅम. एक कप चहाइतके! तीच खोली, त्याच खिडक्या, पण हवेची भूक सहापटीने कमी झालेली असते. म्हणून एप्रिलच्या एका आठवड्यात जे वाळते ते जुलैच्या महिन्यातही वाळत नाही. कोकणात जांभ्याच्या भिंती असतील तर आणखी काळजी, कारण चिऱ्याला छिद्रे असतात आणि उघडा चिरा पाऊस पीत राहतो.

जुने लोक पाया-भिंती उभ्या करून एक पावसाळा जाऊ देत आणि दिवाळीनंतर गिलाव्या-रंगाला हात लावत. त्यामागे हीच समज होती. आज कर्जाचे हप्ते आणि भाडे दोन्ही चालू असताना तेवढे थांबणे प्रत्येकाला परवडत नाही, हे आम्ही मानतो. पण निदान एक कोरडा मोसम घराला मिळाला पाहिजे. एप्रिल अखेर गिलावा झालेल्या घरात जूनला ऑइलपेंट मारणे म्हणजे ओला माल पॉलिथिनमध्ये शिवून ठेवण्यासारखे आहे.

बुरशीला तीन गोष्टी लागतात : ओल, खाद्य आणि निवांतपणा. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा हलत नसली की तिला अंकुर फुटतो. पाण्याने भिजलेल्या वस्तूवर तर दोन-तीन दिवसांतही. सिमेंटवर तिला खायला फारसे काही नसते. पण पुट्टी आणि रंगातली चिकट द्रव्ये, प्लायवूड, पुठ्ठ्याचे खोके, कागद आणि कापड हे तिचे जेवण आहे. त्यातही साइझिंग झालेला कोरा माल म्हणजे मेजवानी, कारण सुताला खळ असते आणि खळ म्हणजे स्टार्च. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्या वजन वाढवण्यासाठी भरमसाट खळ घातलेला माल जहाजाने हिंदुस्थानात पाठवीत, तेव्हा वाटेत बुरशी धरू नये म्हणून खळीत जस्ताचे क्षार मिसळावे लागत. तेव्हापासून हा झगडा चालू आहे.

सुती कापड हवेतून ओल ओढते. ६५ टक्के आर्द्रतेला सुतात साडेआठ टक्के ओल असणे हे व्यापारात रास्त मानले जाते. पॉलिएस्टरमध्ये ती अर्धा टक्काही नसते. म्हणून एकाच गोदामात शेजारी ठेवलेला पॉलिएस्टरचा माल ठणठणीत राहतो आणि सुती तागा डागाळतो, आणि मालकाला वाटते की गिरणीनेच खराब माल दिला. बुरशीचा डाग धुलाई-ब्लीचमध्ये प्रत्येक वेळी जातोच असे नाही. गेला तरी त्या जागी रंग वेगळा चढतो, पट्टे उठतात, आणि प्रोसेसवाला माल परत पाठवतो. पहिल्या दर्जाचा माल सेकंडच्या भावात जातो.

आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने २०१९ च्या पावसाळ्यापूर्वी नव्या इमारतीत तळमजल्यावर माल भरला. जागा चकाचक होती, भिंतींना चमकदार ऑइलपेंट, खाली पॉलिश केलेली लादी. जागा वाचवण्यासाठी गाठी सरळ भिंतीला लावून छतापर्यंत रचल्या आणि धूळ बसू नये म्हणून वरून प्लास्टिक टाकले. ऑक्टोबरमध्ये सणाच्या मागणीसाठी गाठी हलवल्या तेव्हा भिंतीकडच्या रांगेत प्रत्येक गाठीची एक बाजू काळी. मधल्या गाठींना काही झाले नव्हते. रंगाने भिंतीतली ओल अडवली, जिथे रंगाचा पोपडा सुटला तिथून ती बाहेर आली, आणि समोर कापूस उभाच होता. विम्याकडे गेले तर उत्तर मिळाले की हे अपघाती नुकसान नाही, हळूहळू झालेली खराबी आहे. विम्याच्या बहुतेक पॉलिसींत असे कलम असते. ज्यांनी आपली पॉलिसी वाचलेली नाही त्यांनी आजच वाचावी.

आता पारखण्याविषयी. नव्या भिंतीवरची प्रत्येक ओल बांधकामाचीच असते असे नाही, आणि इथे चूक झाली तर पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होतात. बांधकामाची ओल सगळ्या भिंतीवर सारखी पसरलेली असते आणि महिन्यागणिक कमी होत जाते. गळतीच्या ओलीला आकार असतो, ती एका जागेपासून सुरू होते आणि पाऊस पडल्यावर किंवा वरच्या मजल्यावर न्हाणी वापरल्यावर वाढते. जमिनीची ओल जोत्यापासून वर चढते, फार तर तीन-चार फुटांपर्यंत, आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा उठतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पेन्सिल. ओलीच्या कडेने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. पंधरा दिवसांनी पाहा. रेघ आत राहिली तर गळती शोधा, ओल आत सरकली तर धीर धरा.

दुसरी परीक्षा प्लास्टिकची. दीड-दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन भिंतीवर किंवा फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब किंवा भिंतीवर काळसर छटा दिसली तर ओल अजून भिंतीत आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेची आहे, आणि त्याचा इलाज वेगळा. हवेतली आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळासारखे यंत्र आज अगदी किरकोळ किमतीत मिळते. सूतगिरण्यांत असे मापन रोज होते. मग लाखोंचा माल ठेवणाऱ्या गोदामात का नसावे, हे आम्हाला कळत नाही.

कोरड्या दिवसांत दारे-खिडक्या आमनेसामने उघडा, पंखे चालवा आणि हवा आरपार जाऊ द्या. पावसात मात्र दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवून उपयोग नाही. बाहेरचीच हवा तृप्त असते, ती थंड भिंतीवर येऊन पाणी सोडते. पाऊस उघडून ऊन पडले की उघडा, संध्याकाळी लावा. पंखा मात्र चालू राहू द्या. ओल खेचणारे विजेचे यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, बंद खोलीत चांगले काम करते. तो घेऊन खिडकी उघडी ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत. ते अख्ख्या भिवंडीची हवा वाळवायला निघाले असावेत.

कोळशाची शेगडी पेटवून बंद खोली वाळवण्याचा प्रकार कुणीही करू नये. कोळशाच्या धुरातला विषारी वायू माणसाला झोपेतच संपवतो, त्याला वासही नसतो. गॅसची शेगडीही कामाची नाही, कारण एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. आपण भिंत वाळवतो आहोत असे समजून खोलीत पाणी ओतत असतो.

रंगाच्या बाबतीत आमचे स्पष्ट मत असे की पहिल्या वर्षी आतून चुना किंवा साधा, हवा जाऊ देणारा रंग द्यावा. बाहेरची बाजू, गच्ची, खिडक्यांच्या चौकटीभोवतालच्या फटी आणि छज्जे मात्र पावसाआधी पक्के करून घ्यावेत. पैसा तिथे आधी लावावा. पुट्टी, ऑइलपेंट, वॉलपेपर, भिंतीला ठोकलेली प्लायवूडची कपाटे हे सर्व एक कोरडा मोसम गेल्यावर. कपाट ठेवायचेच असेल तर बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून. गाठी लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून चार-सहा इंच वर आणि भिंतीपासून एक फूट दूर, म्हणजे हवाही फिरते आणि माणूसही कंदील नव्हे तर निदान मोबाइलचा उजेड टाकून मागे पाहू शकतो. पहिल्या पावसाळ्यात पॉलिएस्टरचा माल भिंतीकडे आणि सुती-रेयॉन मधे. कोरा माल शक्य तर जुन्याच गोदामात राहू द्यावा.

बुरशी आलीच तर कोरड्या झाडूने झटकू नये. तिची धूळ घरभर उडते आणि छातीत जाते. नाका-तोंडाला पट्टी बांधून, खिडकी उघडून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी, जागा वाळवावी आणि फडके फेकून द्यावे. तिच्यावरून रंग मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आणखी एक धोका नव्या घरातच असतो. लादीवरचे सिमेंटचे डाग काढायला अॅसिड आणलेले असते आणि बुरशीसाठी ब्लीच. ही दोन्ही एकत्र आली तर क्लोरिन वायू सुटतो. एकाच बादलीत, एकाच दिवशी, एकाच न्हाणीत दोन्ही वापरू नयेत.

हे सारे मालाविषयी झाले. पण नव्या गाळ्यात माल ठेवला की त्याच्या राखणीला कुणीतरी झोपते, आणि ते बहुधा आपल्या दुकानातले यूपी-बिहारकडचे पोरगे असते, किंवा बांधकामावरच्या वॉचमनचे बायकामुलांसह कुटुंब असते. एकोणिसाव्या शतकात बर्लिन शहरात अशी पद्धतच होती. चुन्याच्या नव्या इमारतीत गरीब कुटुंबांना नाममात्र भाड्याने किंवा फुकट राहू देत. त्यांच्या श्वासाने आणि चुलींनी भिंती वाळल्या की त्यांना काढून भरपूर भाडे देणारा भाडेकरू आणीत. गरीब कुटुंब पुढच्या ओल्या इमारतीत जाई. त्या लोकांना जर्मन भाषेत ‘ट्रॉकेनवोनर’, म्हणजे राहून घर वाळवणारे, असे नावच पडले होते. त्यांच्या नशिबी खोकला आणि आजारपण येई. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही दमट, बुरशीच्या घरात दमा आणि श्वासाचे विकार वाढतात असे नमूद आहे. कापडाच्या गाठीसाठी आपण फळ्या टाकतो, आणि पोरगे त्याच गार लादीवर चटई टाकून झोपते. त्याला निदान एक खाट, एक पंखा आणि उघडणारी खिडकी द्यावी; पावसाळ्यात वरच्या मजल्यावर झोपू द्यावे. लहान मूल असलेल्या कुटुंबाला ओल्या तळमजल्यावर ठेवूच नये.

ज्यांनी स्वतः न बांधता बिल्डरकडून जागा घेतली आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. रेरा कायदा २०१६ च्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तो बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तीस दिवसांत, पैसे न घेता तो दूर करून द्यायचा असतो. गळती याच दोषांत मोडू शकते. पण साधी बांधकामाची ओल आणि गळती यांतला फरक दाखवणे आपल्यावर येते. तेव्हा त्या पेन्सिलीच्या रेघा, त्यांच्या तारखा आणि दर पंधरवड्याचे फोटो जपून ठेवावेत, आणि तक्रार तोंडी न करता लेखी द्यावी, पोच घेऊन.

ज्यांचे काम सध्या चालू आहे त्यांनी खर्चाच्या अंदाजपत्रकात सिमेंट, स्टील, मजुरी यांच्या खाली जुन्या जागेचे सहा महिन्यांचे भाडे अशी एक ओळ आधीच लिहून ठेवावी. ती रक्कम बाजूला असली की जूनमध्ये कुणी कितीही घाई केली तरी गोदामाची किल्ली आपल्याच खिशात राहते, आणि माल दिवाळीनंतर आत जातो.